निवाड्यातून सुटलेली विहीर

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी त्यातला गाभा सांगतो. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणात तुमचं ३२ आर क्षेत्र (शंभर आरचा एक हेक्टर) जातंय. त्यात वडिलांनी बांधलेली विहीर आणि १४ केशर आंबे आहेत. निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, जमीन जिरायत धरली, आंबे मोजले, पण विहिरीचं नावच नाही. प्रांत कार्यालयाकडून मावेजा, म्हणजे मोबदला, उचलण्याची नोटीस आलीय. पैसे उचलले की तोंड बंद झालं, असं गावात सगळे सांगतायत. दोन बहिणींच्या सह्या नाहीत म्हणून फाईल अडकलीय. आणि शेवटी विचारलंत, पैशाऐवजी जमीन मिळेल का?

मी २७ वर्षं भूसंपादनाची कामं पाहतो, बहुतेक शेतकऱ्यांच्या बाजूने आणि मध्ये काही काळ सरकारच्याही बाजूने. तुम्ही विचारलंय त्या क्रमाने उत्तर देणार नाही, कारण तुमच्या प्रश्नांत सगळ्यात घाईचं काम विहिरीचं आहे आणि ते तुम्ही तिसऱ्या पानावर लिहिलंय.

जमिनीच्या भावाचं भांडण दहा वर्षं चाललं तरी चालतं. खरेदीखतं दुय्यम निबंधकाच्या दप्तरात असतात, ती कुठे जात नाहीत. विहीर मात्र एका दुपारी जेसीबीने बुजते आणि दुसऱ्या दिवशी तिथे मुरूम असतो. माझ्या सुरुवातीच्या काळातल्या एका पक्षकाराची अशीच विहीर होती, दगडी बांधकामाची, ५० फूट खोल. सातबाऱ्याला नोंद नव्हती, फोटो नव्हता, मोजणीच्या दिवशी हा गडी बाजाराला गेला होता. साक्षीदार म्हणून तीन शेजारी उभे केले. समोरच्या वकिलाने तिघांना एकच प्रश्न विचारला, विहिरीला पायऱ्या किती? तिघांनी तीन आकडे सांगितले. जमिनीचा भाव आम्ही दुपटीच्या वर वाढवून घेतला, विहिरीचा एक रुपया मिळाला नाही. ती विहीर आज दुभाजकाच्या खाली कुठेतरी आहे.

म्हणून उद्याच्या उद्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे प्रांत असतील तर प्रांतांकडे, लेखी अर्ज द्या: गट नंबर अमुक, संपादित क्षेत्रात विहीर आहे, संयुक्त मोजणीत ती सुटली आहे, फेरपाहणी करून पुरवणी निवाडा करावा. अर्जाची पोच घ्या. पोच म्हणजे आवक नंबर आणि शिक्का. ‘साहेबांना भेटून सांगितलं’ याला आमच्या धंद्यात किंमत शून्य. अर्जाची एक प्रत महामार्गाच्या प्रकल्प कार्यालयाला द्या. फेरपाहणी होईल तेव्हा होईल, तोवर सरकारमान्य मूल्यनिर्धारकाकडून विहिरीचा अहवाल करून घ्या: व्यास, खोली, बांधकामाचा प्रकार, पाण्याची पातळी. फोटोत बाजूचा ओळखू येणारा खांब, झाड किंवा रस्त्याची हद्दखूण आली पाहिजे. मोटारीचं वीजबिल, जुनी कर्जप्रकरणं, सोसायटीतून विहिरीसाठी घेतलेलं कर्ज, पाईपलाईनच्या पावत्या, सगळं काढा. वडिलांच्या नावाचं पंपाचं वीज जोडणीचं पत्र सापडलं तर ते सोनं समजा. विहीर कधीपासून आहे हे त्यातून आपोआप सिद्ध होतं.

हाच पुरावा दुसऱ्या कामी येतो. जमीन जिरायत की बागायत हा वाद विहिरीवरच उभा आहे. विहीर कागदावर आली की ‘जिरायत’ हा शेरा टिकवणं त्यांनाच अवघड जातं. सातबाऱ्यातल्या बारा नंबरचे गेल्या काही वर्षांचे उतारे काढा. पीक पाहणीत ऊस, भाजीपाला, फळबाग लागली असेल तर प्रश्न सोपा. पण बहुतेकांच्या उताऱ्यावर वर्षानुवर्षं ‘ज्वारी, तूर’ हेच दिसतं, कारण पीक पाहणी चावडीत बसून झाली आणि आपणही कधी बघितलं नाही. तसं असेल तर साखर कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, बाजार समितीच्या पट्ट्या, पीकविम्याची कागदपत्रं वापरा. आता ई-पीक पाहणी मोबाईलवर आपल्यालाच करता येते. ज्यांच्या गावावरून रस्ता जाणार अशी नुसती कुजबुज आहे, त्यांनी या हंगामापासून ती न चुकता करावी.

आता पैशाचा हिशेब. निवाड्याची प्रत मागून घ्या, नुसती नोटीस नव्हे, आणि खालच्या हिशेबाशी ताडून पाहा.

राष्ट्रीय महामार्गाची जमीन १९५६ च्या कायद्याने घेतात. थ्री-ए, थ्री-डी, थ्री-जी ही त्यातली कलमं आता गावातल्या चहाच्या टपरीवरही पाठ आहेत. थ्री-ए म्हणजे इराद्याची अधिसूचना, तिच्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते. थ्री-डी निघाली की जमीन केंद्र सरकारची होते. थ्री-जी म्हणजे निवाडा. पण मोबदला मोजायची रीत १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याची आहे. बाजारभाव धरायचा तो थ्री-ए च्या तारखेचा. रेडीरेकनरचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनीच्या खरेदीखतांची सरासरी, यांतलं जे जास्त असेल ते घ्यायचं. सरासरीसाठी आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं पाहायची, आणि इथली मेख नीट लक्षात घ्या: सगळ्या खतांची सरासरी नाही, जास्त भावाच्या निम्म्या खतांची. १० खतं मिळाली तर वरची ५. निवाड्यात खतांची यादी जोडलेली असते. दहाच्या दहा धरून भागाकार केलेला मी अनेकदा पाहिलाय. कधी चूक असते, कधी कुणी बघत नाही म्हणून तसंच पुढे ढकललेलं असतं.

बाजारभाव निघाला की त्याला गुणक लागतो, ग्रामीण भागात १ ते २ च्या मध्ये, राज्य सरकार ठरवेल तो. हा गुणक शासनाने वेळोवेळी बदललाय, त्यामुळे ‘शेजारच्या तालुक्यात चौपट मिळाला, आम्हाला दुप्पटच का’ या भांडणाचं उत्तर बहुतेक वेळा तारखेत असतं. गुणलेल्या रकमेत विहीर, झाडं, घर यांची किंमत मिळवायची. एकूण बेरजेवर तितकीच दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची भर), म्हणजे १०० टक्के. शिवाय बाजारमूल्यावर थ्री-ए पासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तिथवर, वर्षाला १२ टक्के.

समजण्यापुरते आकडे घेऊ, तुमच्या गावचे नव्हेत. जिरायतीचा दर हेक्टरी ९ लाख धरला तर ३२ आरचे २ लाख ८८ हजार होतात. गुणक २ लावला की ५ लाख ७६ हजार, दिलाशासकट ११ लाख ५२ हजार. तीच जमीन बागायत ठरली, खरेदीखतांतून हेक्टरी २५ लाख निघाले आणि विहीर-झाडांचे मिळून ५ लाख आले, तर ८ लाखांचे १६ लाख, अधिक ५, म्हणजे २१ लाख. दिलासा धरून ४२ लाख. गुणक १ असेल तर २६ लाख. वर १२ टक्के, ते ८ लाखांवर वर्षाला ९६ हजार. विहिरीचे ३ लाख सुटले तर नुकसान ३ लाखांचं नसतं, ६ लाखांचं असतं, कारण दिलासा तिच्यावरही आहे. विहिरीचं मी एवढं तुमच्या डोक्यात घालतोय त्याचं कारण हेच.

खरेदीखतं तुम्ही स्वतः शोधा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि वर्ष टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या खतांचे गोषवारे, मिळतात. तुमच्या आणि शिवेला लागून असलेल्या गावांची थ्री-ए च्या आधीची तीन वर्षं काढा. दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटचे भाव शेतीला जसेच्या तसे मिळत नाहीत, पण अकृषिक वापराची शक्यता दाखवायला ते उपयोगी पडतात. थ्री-ए च्या तोंडावर चुलत्या-पुतण्यांत भलत्याच भावाने झालेली खतं मात्र दाखवू नका. कायद्याने ती बाजूला ठेवता येतात, आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या खतांवरही संशय येतो.

इथे एक कडू गोष्ट बोलतो. गावोगाव खतात दर लिहिताना आपण रेडीरेकनरइतकाच लिहिला, उरलेले पैसे हातात घेतले. मुद्रांक शुल्क वाचलं म्हणून खूश झालो. आज सरकार तीच खतं समोर ठेवून विचारतं, तुमच्या गावचा भाव हाच ना? त्या प्रश्नाला माझ्याकडे कधीच चांगलं उत्तर नसतं.

आता गावातल्या त्या समजुतीबद्दल. पैसे उचलल्याने हक्क जात नाही. पैसे उचला. ते तिथे पडून राहिले तर तुमचंच नुकसान आहे, आणि तुम्ही नाही घेतले म्हणून रस्ता थांबत नाही. रक्कम जमा झाली की साठ दिवसांची नोटीस देऊन ताबा घेता येतो. फक्त पावतीवर, अर्जावर, जिथे सही कराल तिथे ‘वाढीव मोबदला मागण्याचा हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याची झेरॉक्स ठेवा. धरण, तलाव, कालव्यासाठी २०१३ च्या कायद्याखाली ज्यांची जमीन जाते त्यांना हे वाक्य लिहिणं अत्यावश्यकच आहे. त्या कायद्यात निषेध न नोंदवता पैसे घेतलेल्याला वाढीव मागणीचा अर्ज करता येत नाही. महामार्गाच्या कायद्यात अशी अट लिहिलेली नाही, तरी सवय चांगली.

तोंड खरोखर बंद होतं ते वेगळ्या कागदाने, संमतीच्या. ‘हा दर मला मान्य आहे, पुढे कोणतीही मागणी करणार नाही’ असा करारनामा किंवा थेट खरेदीचं खत. त्यात बऱ्याचदा वर थोडी जास्त रक्कम देतात आणि पैसे लवकर मिळतात, त्यामुळे सरसकट वाईट म्हणणार नाही. मुलीचं लग्न तोंडावर असलेल्या माणसाला दहा वर्षांनंतरच्या वाढीव लाखांचं काय कौतुक? पण सही करण्याआधी विहीर, झाडं, घर, सगळं त्यात आलंय का ते पाहा. नंतर काही काढता येत नाही.

निवाडा मान्य नसेल तर तुमचा मार्ग लवादाचा, म्हणजे वाद सोडवायला नेमलेल्या अधिकाऱ्याचा, कलम थ्री-जी, पोटकलम पाचचा. लवाद केंद्र सरकार नेमतं, आणि आपल्याकडे तो सहसा महसूल खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी असतो. म्हणजे प्रांतांच्या निवाड्यावर दाद त्यांच्याच खात्यात मागायची. मला ही व्यवस्था कधीच पटली नाही. धरणाखाली जमीन गेलेल्याला न्यायिक प्राधिकरणापुढे साक्षीपुराव्यानिशी लढता येतं आणि रस्त्याखाली गेलेल्याला नाही, यामागे तर्क काय ते कुणी सांगावं. पण आहे हे असं आहे.

याचा व्यवहारात अर्थ काय, ते समजून घ्या. लवादाच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली जाता येतं, तीन महिन्यांत, फार तर आणखी ३० दिवसांत. पण ते नेहमीचं अपील नसतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गाच्याच प्रकरणांत सांगितलं की या कलमाखाली न्यायालय दर वाढवून देऊ शकत नाही, लवादाचा निर्णय फक्त रद्द करू शकतं. २०२५ च्या घटनापीठाने ती दोरी थोडी सैल केली, पण थोडीच. त्यामुळे ‘आधी लवादाकडे अर्ज टाकून ठेवू, पुरावा कोर्टात देऊ’ असं म्हणणारे फसतात. सूची दोन, खतं, मूल्यनिर्धारकाचा अहवाल, ऊसबिलं, सगळं लवादापुढेच आणि यादीसकट दाखल झालं पाहिजे. लवादाने एखादा कागद विचारात घेतला नाही हे पुढे दाखवता येतं. कागद दिलाच नव्हता तर काही करता येत नाही.

लवादापुढे आणखी एक मागणी जरूर घाला. तुमचं ३२ आर गेल्यावर उरलेली जमीन रस्त्याच्या दोन बाजूंना तुटतेय, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. ही एक ओळ नाही, स्वतंत्र नुकसान आहे. पलीकडच्या तुकड्याला पाणी नाही, बैलगाडी-ट्रॅक्टरला वाट नाही, वळसा किती किलोमीटरचा पडतो, हे नकाशासह मांडा. तुकडा तुटल्याने उरलेल्या जमिनीची जी किंमत उतरते तिचा विचार करा असं महामार्गाच्या कायद्यातच लिहिलंय. निवाड्यात मात्र त्या रकान्यात बहुतेक वेळा आडवी रेघ असते.

धरण-तलाववाल्यांनो, तुमची मुदत वेगळी. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. कारण दाखवून जिल्हाधिकारी वर्षभर सवलत देऊ शकतात, पण त्यावर विसंबू नका. आणि ज्यांनी अर्जच केला नाही पण शेजाऱ्याचा भाव प्राधिकरणाने वाढवला, त्यांनी त्या निर्णयापासून तीन महिन्यांत कलम ७३ खाली तोच भाव मागावा.

तुमच्या चुलत्यांची जमीन २००९ ला बायपासमध्ये गेली आणि दिलासा रक्कम मिळाली नाही, असंही लिहिलंय. तेव्हा महामार्गाच्या कायद्यात ३-जे नावाचं कलम होतं, त्यामुळे १८९४ च्या जुन्या कायद्यातला ३० टक्के दिलासा आणि व्याज महामार्गात जमीन गेलेल्यांना नाकारलं जायचं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भेदभाव घटनाबाह्य ठरवला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागच्या संपादनांनाही लागू असल्याचं पुन्हा सांगितलं. त्यांची फाईल एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा.

बहिणींच्या सह्या. क्लार्कवर रागावू नका, या बाबतीत तो बरोबर आहे. वडील गेले, वारसांची नोंद लागली, सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत. मग मावेज्यात त्यांचा हिस्सा आहे. ‘त्यांनी हक्क सोडलाय’ असं नुसतं म्हणून भागत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. हिस्सा ज्याच्या त्याच्या खात्यात थेट जमा करायला सांगा, तो सर्वांत कमी कटकटीचा रस्ता. वाद मिटलाच नाही तर प्राधिकारी ती रक्कम दिवाणी न्यायालयात जमा करतात, आणि मग पैसा तिथे वर्षानुवर्षं पडतो. मी अशी कुटुंबं पाहिलीत की जिथे वाटणीच्या खटल्यापायी भावाने बहिणीला राखीला बोलावणं बंद केलं, आणि निकाल लागला तेव्हा दोघंही साठीच्या पुढे. तुमची धाकटी बहीण पुण्याला आहे म्हणता, मग तिला फोन करा. नोटीस पाठवू नका.

सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा सातबाऱ्यावर असेल तर ती रक्कम मावेज्यातून कापून घेतात. किती कापले त्याचा दाखला मागा. कराचं विचाराल तर २०१३ च्या कायद्याखालच्या मोबदल्यावर कलम ९६ प्रमाणे आयकर नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१६ चं ३६ नंबरचं परिपत्रकही तेच सांगतं. वाढीव रकमेवरच्या व्याजाचं मात्र वेगळं आहे, तिथे सनदी लेखापालाला विचारा.

जमिनीच्या बदल्यात जमीन? महामार्गात नाही. २०१३ च्या कायद्यातही ती मुख्यतः पाटबंधारे प्रकल्पांसाठी आहे, तीही ‘शक्य तितपत’ या शब्दांच्या आड. आपल्याकडे जमीन परत मिळवण्याचं मोठं उदाहरण नवी मुंबईचं, आणि ते कायद्याच्या पुस्तकातून आलेलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्यांनी ते भूखंड विकले नाहीत त्यांच्या घरातली आजची स्थिती आणि रोख मावेजा घेतलेल्यांची स्थिती शेजारी ठेवून बघा. रोख पैशाला पाय असतात. तुमचं घर जात नाहीये, पण ज्यांचं जातं त्यांना मोबदल्याशिवाय वर्षभर महिना ३ हजारांचा निर्वाह भत्ता, सामान हलवायला ५० हजार आणि पुनर्वसनाचे एकरकमी ५० हजार मागता येतात. बहुतेक जण मागत नाहीत.

तुम्ही वैतागून लिहिलंय, ‘सरकारपुढे शहाणपण चालत नाही.’ पूर्ण खरं नाही. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला हे खरं, पण अनुच्छेद ३००-ए मध्ये तो आहे आणि न्यायालयं त्याला हलकं मानत नाहीत. हिमाचलमधल्या एका ८० वर्षांच्या निरक्षर आजींची जमीन १९६७-६८ मध्ये कोणतीही प्रक्रिया न करता रस्त्यात घेतली होती. सरकारने कोर्टात सांगितलं, इतकी वर्षं ताबा आमचा, आता मालकी आमची. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेकून दिला आणि मोबदला द्यायला लावला. आपल्या पुण्यात पाषाणच्या जमिनीचं प्रकरण तर २०२४ चं. अनेक दशकं मोबदला रखडला म्हणून ऑगस्टमध्ये न्यायालयाने राज्याला सुनावलं की लाडकी बहीण योजनाच थांबवू. हे ऐकायला बरं वाटतं. पण त्या आजींना निम्मं शतक लागलं हेही खरं, म्हणून तुमची फाईल पहिल्या पायरीवरच पक्की करा असं सांगतोय.

एवढ्यात कुणी तुमच्याकडे आलाच असेल, ‘वाढीव मिळवून देतो, १० टक्के द्या’ म्हणून. वकिलाला निकालाच्या रकमेवर टक्केवारी घेता येत नाही, तो नियमभंग आहे. वकील नसलेला दलाल असेल तर त्याला कोऱ्या चेकवर, कोऱ्या मुद्रांकावर किंवा मुखत्यारपत्रावर सही देऊ नका. पहिल्यांदा पैसे येतात त्या दिवशी तो तुमच्याबरोबर बँकेत असतो, लवादाच्या तारखेला नसतो.

तुमच्या पत्रात दोन तारखा नाहीत: थ्री-ए ची अधिसूचना केव्हाची आणि संयुक्त मोजणी कोणत्या दिवशी झाली. मोजणीच्या पंचनाम्यावर तुमची सही आहे का, असेल तर सहीवर काय छापलं होतं, तेही पाहा. या गोष्टी कळवल्यात तर गुणकाचं आणि पुरवणी निवाड्याच्या अर्जाचं नेमकं सांगता येईल. तोवर त्या विहिरीचे फोटो काढून ठेवा, आणि पायऱ्या मोजा.